दारापर्यंत गेलात ना ताई, मग अर्धी वाट झालीच

या वेळचं पत्र धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावातून आलंय. नाव-गाव अर्थातच देत नाही, आणि पत्र बरंच मोठं होतं म्हणून थोडक्यात सांगते.

ताई ४२ वर्षांच्या, बारावी झालेल्या, घरी शिवणकाम करतात. मुलगा सतरा वर्षांचा, मुलगी तेरा वर्षांची, मुलगी झाल्यावर नसबंदीचं ऑपरेशन झालेलं. मागच्या महिन्यात आशाताई घरी येऊन सांगून गेल्या की आरोग्य मंदिरात (सरकारी दवाखान्यात) गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी आहे, तीस वर्षांपुढच्या सगळ्या बायकांनी या, फुकट आहे. ताई गेल्या, पाऊण तास लाईनीत बसल्या. शेजारच्या गल्लीतल्या एकीने मोठ्याने विचारलं, "तुला गं काय झालंय?" मग पडदा हलला तर आत एक पुरुष दिसला, टेबल दारासमोरच होतं. ताई उठून घरी आल्या.

घरी सासूबाई (वय ६८) म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हतं असलं काही. दुखत नाही खुपत नाही, उगं अंग दाखवायला जायचं?" नवरा वाईट नाही पण तोही म्हणाला, "त्रास आहे का काही? नाही ना, मग कशाला?" त्यात ताईंनी मोबाईलवर वाचलं की हा आजार संबंधांतून येणाऱ्या व्हायरसने होतो, आणि तेव्हापासून वेगळीच धास्ती बसली की उद्या काही निघालं तर नवऱ्याला काय वाटेल, 'मी तर तशी बाई नाही'. पहिल्या बाळंतपणात सिस्टर ओरडली होती ते अजून मनात आहे. आणि गावात बोलतात की एकदा दाखवलं की डॉक्टर पिशवीच काढायला लावतात. शेवटी लिहिलंय, "मीच भित्री आहे. शिकलेली असून लाज सुटत नाही. ही लाज कशी घालवू ते सांगा."

ताई,

पत्र दोनदा वाचलं, आणि तुमच्या शेवटच्या वाक्यावरच माझं तुमच्याशी भांडण आहे. लाज घालवायची कशाला? चाळीस वर्षं जी सवय अंगात मुरलीय ती एका तपासणीसाठी कुठून जाणार, आणि का जावी? लाज घेऊनच जा. लाजणाऱ्या बाईलाही नीट तपासून घेता यावं अशी सोय करणं हे तिथल्या लोकांचं काम आहे, तुमचं नाही.

जरा आठवा बरं, तुम्ही उठून नेमक्या कशामुळे आलात. टेबल दारासमोर होतं, पडदा नीट लागत नव्हता, आत पुरुष होता आणि बाहेर बाई मोठ्याने विचारत होती. या चारातली एक तरी गोष्ट तुमच्या स्वभावात आहे का? पडदा पिनेने लावता येतो, टेबल फिरवता येतं, बाई डॉक्टर किंवा सिस्टरचा दिवस विचारून घेता येतो. तुम्ही भित्र्या असता तर शिलाईचं काम टाकून पाऊण तास त्या बाकड्यावर बसलाच नसता. आणि तुम्ही काही एकट्या परत आलेल्या नाही, सरकारच्याच २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी फक्त १.९ टक्के बायकांनी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी केलेली होती, म्हणजे शंभरात दोघीसुद्धा नाहीत. उरलेल्या अठ्ठ्याण्णव जणी काय सगळ्याच भित्र्या?

आता "त्रास नाही मग कशाला" हे. तुमच्या नवऱ्याचं हे वाक्य मला घराघरातून ऐकू येतं आणि ते बोलणारा माणूस वाईट असतो असंही नाही, ताप आला की डॉक्टर हेच आपण सगळे शिकलोय. पण ही तपासणी मुळातच त्रास नसलेल्या बाईसाठी आहे. हा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. व्हायरस शिरल्यापासून कॅन्सर होईपर्यंत साधारण दहा-पंधरा वर्षं जातात, कधी जास्तही, आणि मधल्या काळात पिशवीच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बिघडत असतात, तेव्हा दुखत नाही, रक्त जात नाही, काहीच कळत नाही. तेव्हाच सापडलं तर दवाखान्यातच काही मिनिटांत तेवढा भाग शेकून किंवा गोठवून टाकतात आणि बाई त्याच दिवशी घरी येते. त्रास सुरू झाल्यावर जे करतात ते निदान असतं, आणि तेव्हा बरेचदा उशीर झालेला असतो. आपल्या देशात वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो आणि ऐंशी हजाराच्या आसपास जातात, तेही इतकी वर्षं सवड देणाऱ्या आजाराने, हे मला फार लागतं.

मला लागतं त्याचं कारणही सांगते. माझ्या मावशीची पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती आणि परत अंगावर जायला लागलं. थोडं थोडं, मधेच. तिला वाटलं पाळी परत आली, अजून आपण तेवढ्या म्हाताऱ्या नाही असंही कुठेतरी बरं वाटलं असेल. आठ महिने ती कापडं न्हाणीघरात बंबाच्या मागे वाळत घालत होती, सून बघेल म्हणून. मग एक दिवस खूप गेलं, चक्कर येऊन पडली, तेव्हा मुलगा गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला, मीही होते. डॉक्टरांनी विचारलं, आजी, रक्त पहिल्यांदा कधी दिसलं? मावशीने मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "मागच्याच आठवड्यात." मला नंतर रात्री खरं सांगितलं. मुलगा समोर उभा असताना आई हे बोलू शकत नव्हती आणि त्याला बाहेर थांबायला सांगायचं कुणालाच सुचलं नाही, मलाही नाही. पुढचं लिहीत नाही. तिच्या वर्षश्राद्धानंतर मी माझी तपासणी केली, पंचेचाळिसाव्या वर्षी, त्याआधी मीही कधी गेले नव्हते.

म्हणून एक गोष्ट इथेच सांगून ठेवते, सगळ्या वाचणाऱ्यांसाठी. पाळी गेल्यावर परत रक्त दिसलं, संबंधांनंतर रक्त गेलं, दोन पाळ्यांच्या मधे गेलं, किंवा अंगावरून घाण वासाचं, लालसर पाणी जात असेल तर शिबिराची वाट बघायची नाही, त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवायचं. प्रत्येक वेळी कॅन्सरच असतो असं अजिबात नाही, पण ते घरी बसून ठरवता येत नाही.

आता सासूबाई. "आमच्या वेळी नव्हतं असलं काही" हे वाचलं आणि मी जागच्या जागी उठून बसले, कारण ताई, होतं! आणि तुमच्याच जिल्ह्यात होतं. १९९९ साली, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, मुंबईचं टाटा हॉस्पिटल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था अशा तिघांनी मिळून मोठा अभ्यास सुरू केला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका, सगळ्या खेड्यापाड्यातल्या. गावांचे गट पाडले होते, काहींत एचपीव्हीची म्हणजे तुम्ही वाचलेल्या त्या व्हायरसची टेस्ट, काहींत पॅप म्हणजे पेशी घेऊन लॅबमध्ये बघायची, काहींत औषध लावून डोळ्यांनी बघायची टेस्ट, आणि एका गटात फक्त माहिती दिलेली. आठ वर्षांनी बघितलं तर ज्यांची एचपीव्ही टेस्ट एकदाच, फक्त एकदाच झाली होती त्यांच्यात पुढे गेलेला कॅन्सर आणि त्याने होणारे मृत्यू, दोन्ही फक्त माहिती दिलेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. २००९ मध्ये ते छापून आलं आणि जगभरच्या डॉक्टरांनी ते वाचलं. परंडा, भूम, बार्शी या पट्ट्यात तर १९८७ पासून गावोगावच्या कॅन्सरची नोंद ठेवली जातेय, ग्रामीण भागातली देशातली पहिली. म्हणजे अख्ख्या जगाला हे ज्या बायकांनी शिकवलं त्या तुमच्याच भागातल्या, लुगड्यातल्या, शेतातून थेट आलेल्या, आणि त्यांनाही लाज होतीच की.

सासूबाई आज ६८, म्हणजे तेव्हा जवळपास तुमच्याच आजच्या वयाच्या. त्यांच्या गावात त्या अभ्यासवाल्यांची गाडी आली असेल किंवा नसेल, पण एकदा विचारून बघा. वाद घालायला नाही, सहज, भाजी निवडताना. "आत्या, तुमच्या वेळी बार्शीहून माणसं यायची का हो तपासायला?" असं. कदाचित त्या स्वतः गेल्या असतील आणि कुणाला बोलल्या नसतील. कदाचित जाऊ दिलं नसेल. सासूचा नकार पुष्कळदा तिच्या स्वतःच्या वेळच्या नकारातून आलेला असतो, तिला कुणी विचारलंच नाही की तुला काही होतंय का. आणि हो, त्यांनाही कधी रक्त-बिक्त दिसत असेल तर ते याच गप्पांत बाहेर येईल.

'मी तशी बाई नाही' याबद्दल जरा थांबून बोलते, कारण माझ्या मते पत्रातली सगळ्यात जड गोष्ट हीच आहे. एचपीव्ही हा इतका कॉमन व्हायरस आहे की ज्यांचे संबंध आलेत अशा बहुतेक सगळ्या बायका-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी लागतोच. लग्न झालेल्या, एकाच माणसाबरोबर आयुष्य काढलेल्या बाईलाही. बहुतेकींच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो, कळतही नाही. काहींच्यात ठाण मांडून बसतो, त्यांची काळजी घ्यायची असते. आणि तो वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो, त्यामुळे टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी तो कधी आला, कुणाकडून आला हे कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही. ना तुमच्याबद्दल काही सिद्ध होतं ना नवऱ्याबद्दल. 'तशी बाई' नावाचा शिक्का लावायची सोय या टेस्टमध्ये नाहीच. घरी सांगताना "पिशवीच्या तोंडाची तपासणी, तीशीनंतर सगळ्यांची करतात" एवढं सांगा, ते शंभर टक्के खरं आहे. व्हायरसचा सगळा धडा पहिल्याच दिवशी जेवताना द्यायची काही गरज नाही.

परवानगीचं पण बोलायला हवं. तुम्ही सज्ञान आहात, तपासणीला तुमचा होकार पुरतो, नवऱ्याची सही लागत नाही. कुणी मागितली तर विचारा कशासाठी. पण मला माहितीय की कायद्याने परवानगी असणं आणि घरातून शांतपणे निघता येणं यात फरक आहे. तुमच्या पत्रावरून वाटतं नवरा अडवणारा नाही, त्याला फक्त कुणी समजावलेलं नाही. "जाऊ का?" असं विचारूच नका, "बुधवारी जातेय, दुपारी येते, डबा तुम्ही निघताना घ्या" असं सांगा. जिच्या घरी एवढंही बोलता येत नाही तिने मुलीच्या शाळेचं, बँकेचं काम, बीपी-शुगर तपासणी यातलं काहीही सांगून जावं, मी तिला खोटारडी म्हणणार नाही. बीपी-शुगर तर तिथे तपासतातच.

आता आत काय होतं ते सांगते, कारण भीती पुष्कळशी न दिसण्याची असते. सगळे कपडे काढावे लागत नाहीत. साडी असेल तर वर घ्यायची, नाहीतर फक्त सलवार काढायची, म्हणून सैल परकर किंवा मॅक्सी घालून गेलेलं उत्तम. आधी लघवीला जाऊन या, पोट हलकं असलं की कमी अवघडतं. टेबलावर गुडघे दुमडून झोपायचं, वरून चादर. मग स्पेक्युलम नावाचं चिमट्यासारखं उपकरण आत घालून थोडं उघडतात, गार लागतं, दाब जाणवतो, दुखायला नको. मग कापसाच्या बोळ्याने एक औषध लावतात, ते म्हणजे पातळ केलेलं ॲसेटिक ॲसिड, चायनीजच्या गाडीवर व्हिनेगर असतं ना जवळपास तेच, थोडं चुणचुणतं. एक मिनिट थांबतात आणि बॅटरीच्या उजेडात बघतात की कुठे पांढरा चट्टा उठतोय का. झालं. पाच मिनिटंसुद्धा नाही. पॅप किंवा एचपीव्ही टेस्ट असेल तर औषधाऐवजी छोट्या ब्रशने पेशी घेतात आणि लॅबला पाठवतात, एचपीव्हीचं सॅम्पल तर काही ठिकाणी बाईला स्वतःलाच घ्यायला देतात, ती सोय तुमच्याकडे आहे का ते नक्की विचारा. मी माझ्या वेळी छतावरच्या पंख्याची पाती मोजत होते, तिसऱ्यांदा मोजेपर्यंत सिस्टर म्हणाली, उठा मॅडम, झालं.

आणि ही तपासणी डॉक्टरनेच करावी असं काही नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून दीड लाख बायकांचा जो अभ्यास केला त्यात दहावी शिकलेल्या बायकांना काही आठवड्यांचं ट्रेनिंग देऊन त्यांच्याकडूनच ही व्हिनेगरची तपासणी करून घेतली होती, आणि तेवढ्यानेही मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने कमी झाले. त्यामुळे "बाई सिस्टर कधी असते" हा तुमचा प्रश्न नखरा नाही, अगदी वाजवी आहे. आशाताईंना फोन करून विचारा आणि सांगा की त्या दिवशी मी पडद्यामुळे परत आले. नक्की सांगा, त्यांना वाटत असेल बायका अडाणी आहेत म्हणून येत नाहीत, कुणी कारण सांगितल्याशिवाय तो पडदा बदलणार नाही. आणि आशाताईच आत तुमच्या उशाशी उभी राहिली तर फारच छान. ओळखीचं गाव नकोच वाटत असेल तर तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा धाराशिवच्या सिव्हिलला जा, तिथे कुणी "तुला काय झालंय" विचारणार नाही, पण एसटीचं भाडं आणि शिलाईचा एक दिवस जातो, ते तुमचं तुम्ही बघा.

बाळंतपणातल्या त्या सिस्टरचं जे झालं ते चूक होतं, कळा देणाऱ्या बाईवर ओरडणं चूकच. ते मनातून जात नसेल तर टेबलावर झोपायच्या आधीच सांगा, "मला एकदा वाईट अनुभव आलाय, हळू करा, मी थांबा म्हटलं की थांबा." हे वाक्य घरी दोनदा म्हणून बघा, आयत्या वेळी तोंडातून निघत नाही म्हणून सांगतेय. लहान स्पेक्युलमही असतं, ते मागता येतं.

पिशवी काढण्याची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. शेजारच्या बीडमध्ये ऊसतोडीला जाणाऱ्या हजारो बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या, २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला समिती नेमावी लागली, तुमच्या गावात जे बोलतात ते काही हवेतून आलेलं नाही. म्हणून हे पक्कं लक्षात ठेवा की चट्टा दिसला म्हणजे कॅन्सर नव्हे, नुसत्या सुजेनेही दिसतो. पुढची पायरी म्हणजे दुर्बिणीने बघणं, कोल्पोस्कोपी म्हणतात, लागलंच तर छोटा तुकडा तपासायला. पिशवी काढा हे पहिलं वाक्य असेल, तुकड्याचा रिपोर्ट नसताना, तर सही करायची नाही, कागद घेऊन सिव्हिलला किंवा बार्शीला दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं. अंगावरून पांढरं जातंय एवढ्यावर तर अजिबात नाही.

मात्र पुढची पायरी सांगितली तर ती टाळायची पण नाही. खूपजणी इथेच गळतात. पहिली तपासणी गावात फुकट होते आणि दुसरीसाठी जिल्ह्याला जायचं म्हटलं की राहून जातं, आज सोयाबीन आहे, उद्या पाहुणे आहेत. तारीख लिहून घ्या, आणि रिपोर्टसाठी मोबाईल नंबर कुणाचा देताय ते बघा! घरात एकच फोन असतो, तो नवऱ्याच्या खिशात, आणि फोन येतो तेव्हा तो दुकानात. स्वतःचा नसेल तर आशाताईंचा किंवा तुमच्या बहिणीचा द्या. देव न करो पण काही गंभीर निघालंच तर कॅन्सरचे उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतात, रेशनकार्ड आणि आधारकार्ड हाताशी ठेवायचं.

थोडं फुटकळ, पण कामाचं. नसबंदीत फक्त नळ्या बांधतात, पिशवी आणि तिचं तोंड तिथेच असतं, त्यामुळे "माझं ऑपरेशन झालंय" म्हणून ही तपासणी चुकत नाही. पाळी चालू असताना जाऊ नका, पाळी संपल्यावर आठवडाभराने बरं, आणि आदल्या दोन दिवसांत संबंध नकोत, आत कुठलं औषध-गोळी नको. सरकारी नियमाप्रमाणे तीस ते पासष्ट वयात दर पाच वर्षांनी करतात. पाळी गेलेल्यांना व्हिनेगरची तपासणी तितकीशी उपयोगी पडत नाही, जो भाग बघायचा असतो तोच आत सरकतो, त्यांनी पॅप किंवा एचपीव्ही विचारावी. विधवा बायकांनी, नवरा सोडून गेलेल्यांनीसुद्धा करायची, व्हायरस जुना असू शकतो आणि त्यांना बोलवायला तर कुणीच येत नाही. एचआयव्ही असलेल्या बायकांनी पंचविशीपासूनच, आणि जास्त वेळा.

आणि तुमची तेरा वर्षांची लेक. एचपीव्हीची लस नऊ ते चौदा या वयात सगळ्यात उपयोगी, आता पुण्याच्या सीरमची सर्वाव्हॅक नावाची आपल्याकडचीच लस पण आहे. स्वतःच्या तपासणीला जाल तेव्हा तिथेच विचारून या की मुलीला कुठे मिळेल. लस घेतली तरी तिशीनंतर तिलाही तपासणी करावी लागणारच, पण तोवर तिने आईला जाताना बघितलेलं असेल.

पुढची पाळी कधी येते ते बघा, संपली की आठवड्याने येणारा सिस्टरचा दिवस आशाताईंकडून पक्का करा. लाईनीत परत कुणी "तुला काय झालंय" विचारलं तर म्हणा, "काही नाही झालं, म्हणूनच आलेय. तू पण बस की." आणि बार्शीच्या गाडीचं विचारल्यावर सासूबाई काय म्हणाल्या ते मला जरूर कळवा, मी खरंच वाट बघतेय.